घंटा होईपर्यंत

४ मार्च, मंगळवार

पालिकेला आमचा खालचा हॉल हवा आहे!

सरळ तसं म्हटलेलं नाही अर्थात. ‘नागरिकांच्या सोयीसाठी तळमजल्याचा अधिक परिणामकारक वापर’ — असं म्हटलं आहे. वाचून आधी हसू आलं आणि मग कपाळाची शीर उडायला लागली. परिणामकारक वापर! संध्याकाळी त्या हॉलमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. घरी जागा नसलेल्या मुली खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून अभ्यास करतात. कामावरून सुटलेली माणसं अंगावरची धूळ झटकून दारातच थांबतात, आत जागा होईपर्यंत. आणखी कसला परिणाम हवा आहे यांना?

तिथे दाखल्यांच्या आणि कराच्या खिडक्या आणायच्या. वाचकांनी दुसऱ्या मजल्यावर जायचं. लिफ्ट नाही. जिना असा की समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटावं लागतं.

खाली नगराध्यक्षांची सही. म्हणजे माझ्या धाकट्या भावाची! घरात त्याला सगळे मुक्या म्हणायचो. शाळेत जायला लागेपर्यंत परक्यांसमोर तोंड उघडायचा नाही. कोणी नाव विचारलं तरी मीच सांगायची. आताही बोलत नाही तो नाहीच, फक्त सह्या करतो.

सनद पाठ आहे, तरी पुन्हा काढून वाचली. इमारत पालिकेची, पगार पालिकेचे. पुस्तकं, वेळा, नियम — ग्रंथालय मंडळाचे. मंडळात आम्ही सात : तिघं पालिकेने नेमलेले, तिघं वाचकांनी निवडून दिलेले, आणि त्या सहांनी मिळून निवडलेली अध्यक्ष, मी. पालिकेला इमारतीचा वापर बदलायचा तर मंडळाची संमती हवी. नकार द्यायचा तर पाच मतं. म्हणजे आम्ही चौघं आणि पालिकेच्या तिघांतला एक तरी. आणि त्याच्या खालची ओळ — विचारणा आल्यावर पहिल्याच सभेत मंडळाने ठराव करून उत्तर दिलं नाही, तर संमती आहे असं समजावं.

सभा पंधराला आहे. उत्तर हवं ना? देऊ!


५ मार्च

एक इंचही देणार नाही.


७ मार्च, शुक्रवार

आज मुद्दाम संध्याकाळभर हॉलमध्ये बसले. भाषणासाठी माणसं डोळ्यांत भरून घ्यायला.

भिंगवाले आजोबा नेहमीच्या जागी, दाराजवळच्या खुर्चीवर. एक पाय लाकडाचा आहे. वर्तमानपत्र मागच्या पानावरून सुरू करतात — “पुढच्या पानावर रोज तेच मेलेले, मागच्या पानावर निदान कोणीतरी जिंकतं!” त्यांना विचारलं, दुसऱ्या मजल्यावर चढाल का? त्यांनी भिंग खाली ठेवलं. “बाई, मी चढेन हो. हा पाय नाही येणार.”

कट्ट्यावरच्या मुलींपैकी एक दुसरीला जीवशास्त्र समजावत होती. हृदय काढलं होतं, त्यात बाण काढले होते रक्ताचे. माझ्याकडे पाहून दोघी लाजल्या. कशाला लाजल्या देव जाणे.

उठताना ग्रंथपाल बाई कपाटांमधून आल्या. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, चष्मा सतत कपाळावर. मंडळाच्या सचिवही त्याच. “बाई, दोन मिनिटं आहेत का? सभेच्या आधी तुम्हाला एक सांगायचं होतं. औषधवाले काल —” म्हटलं, औषधवाल्यांचं सोडा, ते पालिकेने नेमलेले! आणि मग सांगितलं त्यांना, वाचनकक्ष ही काय चीज आहे. राजांच्या कुलूपबंद ग्रंथसंग्रहांपासून रस्त्यावरच्या माणसाला फुकट बसू देणाऱ्या खोलीपर्यंत यायला माणसाला किती शतकं लागली ते. उभ्या उभ्याच सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी घंटेची वेळ झाली म्हणून गेल्या.

बोलताना तीन चांगली वाक्यं सापडली. टिपून ठेवली.


१० मार्च, सोमवार

मुक्या जेवायला आला. बोलावलं नव्हतं. लेकीने दार उघडलं. ती परिचारिका, आज रात्रपाळी, निघण्याच्या घाईत. “मामा, शहाणा असशील तर ताट घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आई रंगात आली आहे.”

बराच वेळ तो नुसता जेवला. मग म्हणाला, “ताई, पालिकेच्या दारात बायका लेकरं घेऊन उन्हात उभ्या असतात. परवा एक चक्कर येऊन पडली. मला जागा हवी आहे.”

“मग तुझं दालन दे. प्रशस्त आहे. गालिचासुद्धा आहे खाली.”

“तिसऱ्या मजल्यावर आहे गं.”

“हो का! म्हणजे तुझ्या रांगेला जिने नकोत, माझ्या वाचकांना चालतात!”

यावर तो हसला. प्रामाणिकपणे हसला, ते मला जास्त लागलं. म्हणाला, “बरोबर आहे तुझं. पण माझंही बरोबर आहे. म्हणून तर मंडळाला विचारलंय. नाहीतर कुलूपच बदललं नसतं का?”

“विचारलंयस! तीन माणसं आधी पेरून ठेवायची आणि मग विचारायचं.”

“पेरलेली नाहीत. मी नेमली, एवढंच. नेमल्यावर ती मंडळाची. मत कुठे द्यायचं ते मी कोणाला सांगत नाही.”

“तू कोणाला काही सांगत नाहीस हे मला तू रांगत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.”

“त्यांनाच विचार की, मनात काय आहे ते. बोल त्यांच्याशी.”

“त्यांच्याशी नाही बोलायचंय मला,” मी म्हटलं. “त्यांच्यासमोर बोलायचंय.”

तो स्वतःचं ताट स्वतः विसळून गेला. आईने लावलेली सवय. दारात चप्पल घालताना म्हणाला, “थोडक्यात बोल हं, ताई.”

मला शिकवतोय — मुक्या!


१२ मार्च

भाषण आकार घेतंय. सुरुवात दगडांपासून : या इमारतीच्या पायाचे दगड गावातल्या माणसांनी स्वतः वाहून आणले, पालिकेने फक्त जमीन दिली. मग जळालेली ग्रंथालयं. मग न जळता मेलेली — ती अधिक! आग लागली की माणसं धावतात. खिडक्या बसवल्या की रांगेत उभी राहतात.

लेक आंघोळीहून येऊन केस पुसत ऐकत होती. “अलेक्झांड्रिया या वेळी कितव्या मिनिटाला जळतंय?”

मी म्हटलं, चेष्टा करू नकोस, तिथेही कोणीतरी जागेचा परिणामकारक वापरच करायला निघालं असेल.

“आई, वाक्य छान आहे,” ती म्हणाली. “पण तू हे त्या औषधवाल्या काकांना सांगणार आहेस ना? ते माझ्या वॉर्डात फुकट औषधं पाठवतात गं. ते जाळायला नाही निघालेले काही.”

तिला राजकारण कळत नाही.


१४ मार्च

उद्या. घसा ठीक आहे.


१५ मार्च, शनिवार

घंटा झाली. मत झालंच नाही.


१६ मार्च, रविवार

लिहायलाच हवं. जसं झालं तसं.

आमचा एक नियम आहे. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी ग्रंथपाल हातात घंटा घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरतात. घंटा झाली की वाचक उठतात — आणि मंडळाची सभा चालू असेल तर मंडळही उठतं. अर्धं वाक्य तोंडात असलं तरी. घंटेनंतरचं काही धरलं जात नाही. हा नियम माझा! मी नवीन होते तेव्हा खाली वाचकांना दिवे मालवून बाहेर काढायचे आणि वर मंडळ पंख्याखाली गप्पा छाटत बसायचं. मी म्हटलं होतं, वाचकाला दिवा नाही तर मंडळालाही नाही. टाळ्या पडल्या होत्या. दुसरा नियम आधीपासूनचा : सदस्यांना बोलायला पाच मिनिटं, अध्यक्षांना मर्यादा नाही.

वकिलांनी पालिकेची बाजू मांडली. तेही नेमलेल्या तिघांतले. चार वाक्यांत मांडली, खाली बघत. ऊन, रांग, चक्कर आलेली बाई. म्हणाले, “मलाही हे दोन्ही बाजूंनी टोचतंय, पण मांडणं माझं काम आहे.” मी त्यावर चढलेच. टोचतंय ना? मग ऐका!

आणि ऐकवलं. दगड. आजोबांचा पाय. मुलींचं ते हृदय. बोलता बोलता खोली हातात आली — ती येते तेव्हा कळतं, तळहाताला कळतं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. औषधवाल्यांनी पेन वर केलं. मला वाटलं, हरकत घेताहेत. मी आवाज चढवला. त्यांनी पेन खाली घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा वर केलं. मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, “हे पेन उद्या इतिहास कशासाठी लक्षात ठेवेल?” ते पेनाकडे बघत राहिले.

आमच्यातला गवंडी माझ्या शेजारी बसतो. वाचकांनी निवडून दिलेला, मोठा पुस्तकवेडा. त्याने दोनदा माझा पदर ओढला. “बाई, आता मत घ्या,” असं पुटपुटत होता, हे नंतर कळलं. मी त्याच्या पुढ्यातला पेला घेऊन पाणी प्यायले आणि पुढे बोलू लागले. त्याला वाटलं असेल, ऐकलंच नाही हिने. मला वाटलं, पाणी पी म्हणतोय!

मग अलेक्झांड्रिया.

खालून घंटा ऐकू आली. खुर्च्या सरकल्याचा आवाज. मला वाटलं अजून वेळ आहे, त्या आधी कपाटांच्या बाजूला जातात, मग बालविभाग, मग जिना. शेवट अजून यायचा होता. शेवट सगळ्यांत चांगला होता. तो सोडून मत कसं मागणार? घंटा जिन्यावर आली. मी वेग वाढवला. ग्रंथपाल दारात येऊन उभ्या राहिल्या. एक क्षण थांबल्या — मी पाहिलं, थांबल्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आणि वाजवली.

“एक मिनिट,” मी म्हटलं.

“बाई, नियम,” त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणाच्याच चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. पालिकेच्या तिघांच्याही नाही. हे तेव्हा दिसलं, कळलं नाही.

गवंडी पहिला उठला. इतक्या हळू उठला, की पाठ धरली असेल असं वाटलं.

जिन्याच्या खाली आजोबा काठी शोधत होते. “बाई, वरून आवाज येत होता तुमचा. काय बोलत होतात! आम्ही वाचायचं सोडून ऐकत होतो. जिंकलो ना?”

मी म्हटलं, उद्या सांगते.


१७ मार्च, सोमवार

ग्रंथपालांवर ओरडले. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून, शिक्के मारणाऱ्या शिपायासमोर. एक मिनिट थांबला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं!

त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाल्या, “थांबले असते. मग उद्यापासून खालच्या माणसांना कुठल्या तोंडाने उठवू? अर्धं पान राहिलं असतं त्यांचं. रोजच कोणाचं तरी अर्धं पान राहिलेलं असतं, बाई.”

“आणि घंटेनंतरचा ठराव पालिकेने एका ओळीत उडवला असता. उडवायलाच हवा होता. नियम आहे.”

मी म्हटलं, मग आधी खूण करायची होती.

“मी सात तारखेला आले होते सांगायला. औषधवाले आदल्या दिवशी येऊन गेले होते. हॉल जाऊ देणार नाही म्हणाले, फक्त एक सूचना होती त्यांची. तुम्हाला भेटायला बिचकत होते. म्हणाले, बाईंना तुम्हीच सांगा, मी समोर गेलो की मला वाक्यच सुचत नाही.”

सातला. उभ्या उभ्या ऐकत होत्या त्या. राजांचे ग्रंथसंग्रह!

पाच मतं होती. मी तोंड उघडण्याआधीच पाच मतं होती.


१८ मार्च

औषधाच्या दुकानात गेले. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहिले. एका म्हातारीला ते गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते, पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून. मग माझ्याकडे वळले आणि चेहरा एकदम विद्यार्थ्यासारखा झाला.

“बसा ना, बाई. घसा बसलाय का?”

म्हटलं, घसा ठणठणीत आहे, तीच तर अडचण आहे. पेन कशाला वर केलं होतंत?

त्यांनी काउंटरवरच्या कागदी पिशवीवर चौकोन काढला. हॉल. त्याला पुढून पट्टी जोडली. व्हरांडा. “वाचनकक्ष दुपारी उघडतो. सकाळभर व्हरांडा रिकामा. तिथे छत आहे, बाकं आहेत. पालिकेच्या खिडक्या सकाळी तिथे, दुपारनंतर बंद. रांग सावलीत, हॉल वाचकांचा. जागा पालिकेची, वेळा मंडळाच्या — म्हणजे दोघांनी हो म्हटल्याशिवाय होणारच नाही. इतकंच म्हणायचं होतं. अर्धं मिनिट लागलं असतं.”

पाच तारखेला मी या वहीत काय लिहिलंय ते मला आठवलं. एक इंचही.

“त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी फाडून खाल्लं असतं तुम्हाला,” म्हटलं.

“हो, ते मी धरून चाललो होतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही फार छान बोलत होतात हो. मलाच थांबवावंसं वाटेना.”


१९ मार्च, बुधवार

नगराध्यक्षांच्या दालनात गेले. तिसरा मजला. रांगेतल्या बायका जिन्याच्या सावलीसाठी भिंतीला टेकून उभ्या. एकीच्या खांद्यावर पोर झोपलेलं, त्याच्या डोक्यावर फाइल धरलेली. भाषणात मी त्यांना ‘पालिकेने पुढे केलेली रांग’ म्हटलं होतं.

मुक्याने खुर्ची ओढून दिली. “मंडळाचं उत्तर आलं नाही, ताई. एक एप्रिलला ताबा घ्यावा लागेल. मला आनंद झालेला नाही.”

मग मी बोलले. सभा पुन्हा घ्या, तांत्रिक बाब आहे, पाच मतं आहेत, व्हरांड्याची सूचना आहे. बरंच बोलले. तो थांबला.

“झालं? व्हरांडा मला चालेल. आनंदाने चालेल. पण मी सनदेबाहेर जाऊन सभा बोलावली, तर उद्याचा नगराध्यक्ष हवं तेव्हा बोलावेल. मग मंडळ कशाला ठेवायचं? हे तूच शिकवलंस मला.”

“म्हणजे मार्ग नाही.”

“सनद पाठ आहे ना तुला? संमती समजावी, इथपर्यंत त्या दिवशी जेवताना म्हणून दाखवलीस. त्याच्या पुढचं कलम म्हण बघू.”

मला म्हणता आलं नाही. म्हणजे — म्हणाले नाही. मुक्यासमोर मी गप्प! आयुष्यात पहिल्यांदा.

“लहानपणी कोणी मला नाव विचारलं की तू सांगायचीस,” तो म्हणाला. “चुकीचं कधी सांगितलं नाहीस. पण मला सांगायचं होतं गं, ताई. मी आतल्या आत शब्द जुळवत असायचो. जुळले की बघायचो, तर ती माणसं निघून गेलेली असायची.”


२० मार्च

पुढचं कलम असं आहे :

अध्यक्षपद रिकामं झाल्यास मंडळापुढचे सर्व विषय, ज्यांची अंमलबजावणी झालेली नाही, ते नव्या अध्यक्षांपुढे पुन्हा पहिल्यापासून.

हे मला पंधरा तारखेलाच आठवलं होतं. जिना उतरताना, आजोबांशी बोलण्याआधीच. इथे लिहिलं नाही. वहीलासुद्धा सांगितलं नाही!


२२ मार्च, शनिवार

हिशेब साधा आहे. मी गेले की सहा उरतात, उरलेल्या मुदतीपुरता अध्यक्ष त्यांच्यातलाच एक. पाच मतं तरीही लागणार. माझं नसेल. म्हणजे पालिकेच्या तिघांतला एक पुरणार नाही — दोन हवेत. औषधवाले ठीक. पण वकील? आणि तिसऱ्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या सभेत विणत बसतात आणि ज्यांच्या तोंडून मी हजर-गैरहजर सोडून काही ऐकलेलं नाही? त्यांच्या भरवशावर आजोबांची खुर्ची सोडून जायची?

आणि हा मुक्याचा डाव असला तर? बहीण बाहेर, मंडळ मुठीत, हॉल खिशात. एकाही मताशिवाय. मी त्याच्या जागी असते तर —

नाही. तो तसा नाही. मीच तशी आहे का, हे तपासायला हवं.

लेकीला सांगितलं. वाटलं, नको म्हणेल. तिने विचारलं, “तुला भीती कसली आहे, आई? तू नसताना त्यांना जमणार नाही याची? की जमेल याची?”

तिला फटकारलं. ती कामाला गेली. दार लावताना हळूच लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाळीस वर्षं बोलत आले. कारखान्यांच्या दारांत, चौकांत, ट्रकच्या हौद्यात उभी राहून. बोलण्याने माणसं उठतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते खोटं नव्हतं. पण ती माणसं उठेपर्यंतच मी बोलायला हवं होतं. ती उठल्यावरही बोलत राहिले, आणि ती उभी राहून दमली.


२३ मार्च

राजीनामा लिहिला. चार पानं झाली. सुंदर झाली. वाचली. फाडली.


२४ मार्च, सोमवार

ग्रंथपालांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

“एवढंच, बाई?”

“एवढंच.”

एक ओळ होती. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदराने पुसत बसल्या. मग नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाल्या, “शनिवारी सभा लावते. ताबा एक तारखेला आहे.” शिक्का मारला, तो तिरका उमटला. दुसरा मारू का म्हणाल्या. म्हटलं, राहू द्या.

निघताना विचारलं, माझं वाचककार्ड चालू आहे ना?

“मंडळावर आल्यापासून तुम्ही नूतनीकरण केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “अर्ज भरावा लागेल.”

भरला.


२८ मार्च

उद्या सभा. गवंड्याने निरोप पाठवला : ‘बाई, चार शब्द लिहून द्या, मी वाचून दाखवतो.’ दगडांचं वाक्य जिभेवर आलं होतं. कळवलं — तुमचे तुम्ही बोला.


२९ मार्च, शनिवार

सभा वर. मी खाली, आजोबांच्या समोरच्या खुर्चीत. एकच पान किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. घंटेला अजून खूप अवकाश असताना ग्रंथपाल जिना उतरून आल्या. हात रिकामे.

“झालं?”

“झालं. हॉल वाचकांचा. सकाळी व्हरांडा पालिकेला. औषधवाल्यांनी मांडलं, मुख्याध्यापिका बाईंनी अनुमोदन दिलं.”

“विरुद्ध किती?”

“कोणीच नाही. सहाच्या सहा.”

“बोललं कोण कोण?”

त्या जरा घुटमळल्या. “सगळेच, बाई. थोडं थोडं.”

त्या गेल्या. आजोबांनी भिंग खाली ठेवून छताकडे पाहिलं. “आज वरून काही आवाज आला नाही. सभा नव्हती का हो?”

“होती,” म्हटलं.